उन्हाळी जत्रेत गाणं ठेवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आमच्या कॉलनीच्या मैदानावर दोन दिवस जत्रा भरते. पन्हं, भेळ, पापड-कुरडयांचे स्टॉल, पोरांसाठी पाळणा आणि संध्याकाळी गाणं. गाण्याची बाजू बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे मार्च उजाडला की आसपासच्या सोसायट्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. हवापाणी आणि वेळा पुण्याच्या हिशोबाने आहेत. आवाजाचे आणि कॉपीराइटचे नियम मात्र केंद्राचे, म्हणजे सगळीकडे तेच.

१. जत्रेतलं गाणं म्हणजे छोटी मैफलच ना?

नाही. मैफलीला माणूस गाणं ऐकायला येतो, जत्रेत तो भेळ खायला येतो आणि गाणं कानावर पडतं. आवडलं तर थांबतो, नाहीतर पोराला पाळण्यात बसवायला जातो. हे ज्या कलाकाराला चालतं त्यालाच बोलवा. एका वर्षी आम्ही ख्याल गाणाऱ्या एका बुजुर्गांना बसवलं. विलंबित रंगात आला आणि शेजारच्या कढईत भजी पडली. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांना फोन करायची माझी हिंमत झाली नाही. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे, मध्ये श्वास घ्यायला जागा, आणि मधूनच आलेल्या माणसालाही पाय ठेवता येईल असं गाणं हवं.

२. मग बोलवायचं कोणाला?

आधी आपल्याच गल्लीत शोधा. प्रत्येक वस्तीत एक भजनी मंडळ असतंच, आणि त्यांची तयारी आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच पक्की असते. एकादशीचं भजन दर पंधरा दिवसांनी होतं, एवढा रियाझ कॉलेजच्या बँडचाही नसतो. हार्मोनियम, तबला आणि दोन गळे एवढ्यावर भावगीतांचा तास सहज रंगतो. शाहीर मिळाला तर सोडू नका. डफ, तुणतुणं आणि मागे सूर धरणारे दोन झीलकरी, एवढ्यावर पोवाडा उभा राहतो आणि सात वर्षांची पोरंसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकतात. गोंधळ्यांचं संबळ, कोळीवाड्याजवळ असाल तर कोळीगीतं, जुना ब्रास बँड, यातलं काहीही चालेल.

तमाशाच्या मोठ्या फडाचा विचार मात्र करू नका. चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. ते गाड्या, कनाती, स्वतःचं स्टेज घेऊन फिरणारं आख्खं गाव असतं. कॉलनीच्या मैदानात ते मावणार नाही. (लावणीबद्दल प्रश्न २० पाहा.)

३. वेळ कोणती ठेवावी?

मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. त्याआधी मंडपात बसवत नाही. जवळ मशीद असेल तर मगरिबची अजानही त्याच वेळेला होते, देऊळ असेल तर सांजआरती. दोन्ही होऊ द्या आणि साडेसातला सुरू करा. शेवटचं गाणं साडेनऊला संपावं असा बेत आखा, म्हणजे ते खरोखर पावणेदहाला संपेल.

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघा. नीट परीक्षा गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी होते, तिच्या आदल्या संध्याकाळी कॉलनीत लाऊडस्पीकर लावणाऱ्याला कोणी माफ करत नाही. आणि आयपीएल. धोनी खेळणार असेल त्या दिवशी आमच्या मागच्या चार रांगा रिकाम्या असतात.

४. परवानगी कोणाची लागते?

लाऊडस्पीकरसाठी पोलिस ठाण्याची लेखी परवानगी, मैदान महापालिकेचं असेल तर वॉर्ड ऑफिसची, रस्त्यावर मंडप येत असेल तर त्याची वेगळी, तात्पुरतं वीज कनेक्शन हवं असेल तर वीज कंपनीकडे अर्ज. स्टेजवर एकांकिका किंवा वग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर आहे ना, हे नाटकवाल्यांना विचारून घ्या. नुसत्या गाण्याला ही भानगड नाही.

अर्जात मैदानाचा साधा नकाशा जोडा, स्टेज कुठे आणि स्पीकरची तोंडं कुठे ते दाखवा. सुरू व्हायची आणि संपायची वेळ लिहा. महिनाभर आधी जा. आदल्या दिवशी जाऊन साहेबांच्या टेबलापुढे उभं राहण्याचा अनुभव मी घेतलेला आहे.

५. रात्री दहाचा नियम नक्की काय आहे?

ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ ही 'रात्र' धरली आहे आणि त्या वेळात उघड्या जागेवर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. सभागृह, समाजमंदिर, मेजवानीचा हॉल अशा बंदिस्त जागेत चालतो, तोही आत ऐकण्यापुरता. हा नियम थोर-लहान सगळ्यांना सारखा आहे. सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर चालणाऱ्या मैफली याच नियमाने बंद झाल्या. तेव्हा "आमचं एकच गाणं राहिलंय साहेब" हे कोणाला सांगायला जाऊ नका.

६. बारापर्यंत परवानगी मिळते असं ऐकलंय. खरं का?

खरं, पण बहुधा तुमच्यासाठी नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासन १० ते १२ अशी सूट देऊ शकतं. आपल्याकडे जिल्हाधिकारी दरवर्षी त्या दिवसांची यादी काढतात आणि तीत गणपती, नवरात्र, शिवजयंती, नाताळ, ३१ डिसेंबर असे दिवस बसले की उन्हाळ्यासाठी फारसं उरत नाही. यंदाची यादी पोलिस ठाण्यात बघायला मिळेल. हे १५ दिवस जिल्ह्याचे असतात, प्रत्येक मंडळाला वेगळे मिळत नाहीत.

७. दहा वाजता माईक बंद केला आणि नुसत्या ढोलकी-टाळांवर भजन चालू ठेवलं तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं की त्यानेच ही पळवाट शोधली. २०१० साली नियमात दुरुस्ती झाली आणि लाऊडस्पीकरच्या जोडीला आवाज करणारी साधनं आणि वाद्यंही आली. म्हणजे उघड्यावर ढोलकीसुद्धा नाही. बिनवाद्याचा नुसता गळा त्या वाक्यात बसत नाही, पण शंभर माणसांनी टाळ्यांवर गजर धरला तर वरच्या मजल्यावरच्या आजींची झोप तेवढीच मोडते. हॉल असेल तर आत जा. नसेल तर घरी जा.

८. आम्हाला पहाटेचा कार्यक्रम करायचाय, पाच वाजता.

तोच नियम, दुसऱ्या टोकाने. सहाच्या आधी उघड्यावर वाद्य नाही आणि माईकही नाही. मेमध्ये पुण्यात उजाडतं सहाच्या आसपास, तेव्हा सहाला तानपुरा लावून सव्वासहाला भैरव सुरू केलात तरी पहाटेचा भास टिकतो. सव्वासातला ऊन अंगावर येतं, म्हणून कार्यक्रम तासाभराचाच ठेवा आणि नंतर चहा-उप्पीट द्या. या कार्यक्रमाला गर्दी कमी असते, पण जी येते ती शेवटपर्यंत बसते. मला स्वतःला हा प्रकार संध्याकाळपेक्षा जास्त आवडतो.

९. सोसायटीचं आवार खाजगी आहे. मग नियम कशाला?

आवार तुमचं असलं तरी आवाज भिंतीपाशी थांबत नाही. लेखी परवानगी लागतेच. आणि गंमत म्हणजे खाजगी जागेची मर्यादा सार्वजनिक मैदानापेक्षा कडक आहे. निवासी भागात दिवसा आवाजाची पातळी ५५ डेसिबल धरली आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा १० जास्त, म्हणजे ६५ पर्यंत चालतं (कुठल्याही भागात कमाल ७५). खाजगी जागेच्या हद्दीवर फक्त ५ जास्त, म्हणजे ६०. शासनाने जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात तर मूळ पातळीच ५० आहे. शेजारी दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर आपली जागा त्यात मोडते का, हे अर्ज देतानाच विचारून घ्या.

१०. डेसिबल वगैरे कळत नाही. आवाज किती ठेवायचा ते साध्या भाषेत सांगा.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून ५ मीटरवर ८० असेल तर १० मीटरवर ७४, २० मीटरवर ६८, ४० मीटरवर ६२. तीस मीटरवर मैदानाची भिंत असेल तर तिथे ६४-६५ भरतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. हे झालं मोकळ्या जागेचं गणित. समोर सात मजली इमारत असेल तर आवाज तिच्यावर आपटून परत येतो आणि सगळा हिशोब बिघडतो.

आता आपण काय करतो? स्टेजच्या दोन्ही बाजूंना खोक्यांची उतरंड रचतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू यावं म्हणून आवाज चढवतो. पहिल्या रांगेतले कानात बोटं घालतात, शेवटची रांग तरीही तक्रार करते, आणि पलीकडच्या गल्लीत बाळ उठतं. त्यापेक्षा चार-सहा छोटे स्पीकर मैदानात विखरून लावा. सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला आणि किंचित खाली, माणसांच्या डोक्यांकडे करा. माणसं आवाज पितात, भिंती परत फेकतात. प्रत्येक स्पीकरला दहा-बारा मीटरच सांभाळायचे असल्याने आवाज निम्मा वाटतो आणि शब्द दुप्पट कळतात.

माझी कसोटी सोपी आहे. मैदानाच्या मधोमध दोघं शेजारी बसून ओरडल्याशिवाय बोलू शकली पाहिजेत. त्यांना ओरडावं लागलं की मी साउंडवाल्याकडे चालत जातो. आवाज लहान असला की लोक खुर्च्या ओढून स्टेजजवळ येतात, हे मी दरवर्षी बघतो. मोठा असला की कडेला जाऊन उभे राहतात. मोबाइलवरचं डेसिबलचं ॲप अंदाजापुरतं वापरा, पोलिसांशी वाद घालायला नको.

११. साउंडवाल्याला नेमकं काय सांगायचं?

"गाण्याचा कार्यक्रम आहे" एवढंच सांगितलं तर तो लग्नाच्या वरातीचं सामान घेऊन येईल. त्याला मोजून सांगा: गाणारे किती, वाद्यं कोणती, बसून की उभं राहून. तबल्याला दोन माईक, हार्मोनियमला एक, गायकाला एक, निवेदकाला एक, आणि एक जादा. बसून गाणाऱ्यांसाठी बुटके स्टँड वेगळे मागा, नाहीतर ऐनवेळी उंच स्टँड वाकवून दोरीने बांधले जातात. कलाकारांच्या पुढ्यात मॉनिटर, म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेला छोटा स्पीकर, हवाच. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गायक ओरडतो, मग तबलजी ठोकतो, आणि प्रश्न १० मधलं सगळं पाण्यात जातं.

माईक शिट्टी मारतो तो बहुतेक वेळा स्पीकरच्या पुढे आल्यामुळे. स्पीकर माईकच्या पुढे, माईक स्पीकरच्या मागे, एवढं पाळलं तरी निम्म्या शिट्ट्या थांबतात. साउंड चेक पाच वाजता म्हणजे पाच वाजता. "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" सात वाजता सुरू झालं तर ते चेक नाही, नुसता ताप आहे.

१२. उन्हामुळे वाद्यांना काही होतं का?

होतं. तबला-ढोलकीचं कातडं कोरड्या उष्णतेने ताणलं जातं आणि सूर चढतो, दमट हवेत उतरतो. पुण्यात दुपारी लावलेला तबला संध्याकाळी हॅलोजनखाली आणखी चढलेला सापडेल, मुंबईत मेच्या घामट हवेत तो ढिला पडेल. म्हणून वाद्यं गाडीच्या डिकीत ठेवू नका, सावलीत स्टेजमागे ठेवा आणि कलाकारांना अर्धा तास आधी जागेवर बसू द्या. हार्मोनियमचा सूर जागेवर पिळता येत नाही, त्यामुळे बाकीच्यांना तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावलेली कणीक उन्हात वाळते, तेव्हा वाटीभर भिजवलेली कणीक आणि पाणी मागितलं तर चेष्टा समजू नका. हलगीवाले उलट विस्तव मागतात, कातडं तापवायला. तो विस्तव मंडपाच्या कापडापासून लांब द्या.

१३. गायिका म्हणाल्या "काळी पाच", तबलजीने विचारलं "कुठली पट्टी?" मी काय समजायचं?

पेटीच्या ज्या पट्टीला त्या षड्ज, म्हणजे 'सा', मानून गातात ती. काळी पाच म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. बायका साधारण काळी चार-पाचच्या आसपास गातात, पुरुष काळी एक-दोनच्या. दोघांचा कार्यक्रम एकामागोमाग असेल तर तबलजीला दोन तबले आणावे लागतात, कारण एकच तबला एवढा वरखाली ताणता येत नाही. हे त्याला आठवडाभर आधी कळवणं हे तुमचं काम. एवढं केलंत तरी कलाकारांमध्ये तुमचं नाव होतं.

१४. वळीव आला तर?

येणारच, असं धरून चाला. एप्रिल-मेमधला वळीव पुण्यात दुपारनंतर येतो, आधी धूळ आणि वारा, मग टपोरे थेंब. पावसाआधी वारा नुकसान करतो. उंच स्टँडवरचे स्पीकर वाळूच्या पिशव्यांनी बांधा, मागचा फ्लेक्स शिडासारखा फुगतो म्हणून त्याला भोकं पाडा. प्लॅस्टिकचे कागद घडी करून स्टेजखाली तयार ठेवा. वीज चमकली की मेन स्विच बंद करा, लोकांना इमारतींच्या आत न्या, झाडाखाली कोणाला उभं राहू देऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास विजा पडताहेत का ते सांगतं, ते एका स्वयंसेवकाच्या फोनमध्ये असू द्या.

पाऊस अर्ध्या तासात थांबतो. मग मातीचा वास, थंड वारा, आणि भिजलेल्या सतरंज्या झटकून सुरू झालेलं गाणं. आमचे सगळ्यात चांगले कार्यक्रम असेच झालेत. पण सगळ्या केबली आणि बोर्ड कोरडे आहेत हे वायरमनने सांगेपर्यंत स्विच लावायचा नाही, प्रेक्षक कितीही टाळ्या वाजवोत.

१५. स्पीकरमधून सारखा "घुंऽऽ" आवाज येतो. कशाने?

बहुधा साउंडची लाइन आणि स्टॉलची लाइन एकच आहे, किंवा अर्थिंग धड नाही. मिक्सर, फ्रीज, उसाच्या रसाचं यंत्र यांना वेगळी लाइन द्या. जनरेटर असेल तर तो स्टेजपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. रसवंतीचा स्टॉलही स्टेजला खेटून नको. चरकाच्या घुंगरांचा ठेका छान असतो, पण तो तुमच्या दादऱ्याशी जुळेलच असं नाही.

१६. मानधन किती आणि कसं द्यायचं?

आकडा मी सांगत नाही, तो गावागावाला आणि कलाकारागणिक बदलतो. पद्धत सांगतो. ठरलेली रक्कम एका कागदावर किंवा मेसेजमध्ये लिहा. विसार आधी, उरलेली रक्कम स्टेजवरून उतरल्यावर लगेच. "उद्या खजिनदार देतील" हे वाक्य उच्चारू नका. साथीदारांचे पैसे यात धरलेत का ते विचारा, कारण तबलजी सर्वांत शेवटी आठवतो. जाण्या-येण्याचं भाडं वेगळं की आत, जेवण आहे का, तेही आधीच ठरवा. शाल-श्रीफळ हे मानधन नव्हे. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. फिल्मी गाण्यांचा वाद्यवृंद त्यात बसत नाही.

१७. आपल्याच कॉलनीतली हौशी मंडळी गातात. त्यांनाही द्यायचं?

पैसे दिले नाहीत तरी चालतं, पण मग सगळ्यांनाच द्यायचे नाहीत. एकाला पाकीट आणि दुसऱ्याला गुलाब झालं की पुढची दोन वर्षं लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. तालीम मात्र सक्तीची ठेवा, आणि एकाला एकच गाणं. दुसरं गाणं मागणारे काका प्रत्येक कॉलनीत असतात. त्यांना निवेदन द्या. हौशी मंडळींचा कॉपीराइटच्या दृष्टीने एक फायदाही आहे, तो पुढच्या उत्तरात.

१८. फिल्मी गाणी गायला लायसन्स लागतं का? आम्ही तिकीट लावत नाही.

स्टेजवर प्रत्यक्ष गायलेल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क सहसा आयपीआरएस ही संस्था बघते आणि कार्यक्रमाचं लायसन्स तिच्याकडून घ्यायचं असतं. तिकीट नाही म्हणजे लायसन्स नाही, असं सरसकट नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये एक सवलत आहे: हौशी क्लब किंवा मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग हा भंग मानला जात नाही. म्हणजे तुमचीच मंडळी, फुकट प्रवेश, बाहेरचा पैसे घेणारा गायक नाही, असं असेल तर तुम्ही त्या सवलतीत बसता. मानधन देऊन ऑर्केस्ट्रा आणलात की नाही बसत. अर्धे हौशी, अर्धे व्यावसायिक असतील तर लायसन्स घेऊन मोकळे व्हा.

१९. आणि कराओकेचं काय? गाणारे तर आम्हीच.

गाणारे तुम्ही, पण मागे वाजणारा ट्रॅक कोणीतरी ध्वनिमुद्रित केलेला आहे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क गाण्याच्या हक्काहून वेगळा आहे. प्रश्न १८ मधली हौशी सवलत शब्द-चालींना आहे, ध्वनिमुद्रणाला नाही. रहिवाशांच्या सामायिक बंदिस्त खोलीत ध्वनिमुद्रण ऐकवायला वेगळी सूट आहे, म्हणून सोसायटीच्या हॉलमधला तुमचा शनिवारचा कराओके निराळा आणि मैदानावरचा निराळा. मैदानात ट्रॅक वाजवायचा तर त्याचा मालक कोण ते बघून परवानगी घ्या. माझा सल्ला विचाराल तर एक पेटीवाला आणि एक तबलजी शोधा. गाणारा एक ओळ विसरला तर पेटीवाला थांबतो. ट्रॅक थांबत नाही, आणि पुढची चार मिनिटं सगळा मंडप काकांबरोबर धावत असतो.

संतांचे अभंग घेतले म्हणजे सुटलो, असंही अनेक जण लिहितात. शब्दांपुरतं ठीक. लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. तुकोबा सतराव्या शतकातले, त्यांच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची मुदत २०१० च्या अखेरीला संपली. पण तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणून त्यांची भजनं २०२८ संपेपर्यंत संरक्षित आहेत. आणि अभंग जुना असला तरी तुम्हाला माहीत असलेली चाल बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते. वारकरी भजनातल्या परंपरागत चाली घेतल्या तर हा प्रश्नच येत नाही, आणि त्या सगळ्यांना म्हणताही येतात.

कार्यक्रम फेसबुकवर लाइव्ह दाखवणं हा आणखी वेगळा मामला. मैदानातल्या कार्यक्रमाची परवानगी इंटरनेटला लागू होत नाही, आणि ओळखीची चाल ऐकली की फेसबुकचं यंत्र मध्येच आवाज बंद करतं. अमेरिकेतल्या आत्यांना नंतर व्हिडिओ पाठवा.

२०. लावणी ठेवली तर लोक नावं ठेवतील का?

काही जण ठेवतील. बैठकीची लावणी ठेवा: गाणारी बसून, ढोलकी, पेटी, अदा चेहऱ्यात आणि हातात. ज्यांनी नाक मुरडलं होतं तेच शेवटी "आणखी एक होऊ द्या" म्हणताना मी बघितलेत. दोन अटी आधी जाहीर करा. नोटा उधळायच्या नाहीत, आणि स्टेजच्या कडेला मोबाइल घेऊन गर्दी करायची नाही. कलाकार बाईंना कपडे बदलायला बंद खोली द्या, मंडपामागचा पडदा नव्हे. हे खरं तर सगळ्याच कलाकारांना लागू आहे, पण विसरलं जातं यांच्याच बाबतीत.

२१. फर्माईशी घ्यायच्या का?

घ्या, पण चिठ्ठीवर. आणि निवेदकाला आधीच दहा गाण्यांची यादी द्या, की बसलेल्यांना यातलंच येतं. नाहीतर भजनी मंडळाकडे रॅप मागणारा निघतोच.

२२. प्रमुख पाहुण्यांचं भाषण कधी ठेवावं?

सुरुवातीला, तीन मिनिटं, उभ्या उभ्या. दोन गाण्यांच्या मध्ये सत्कार ठेवला की तबला उतरतो आणि माणसंही. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर पुढाऱ्याला स्टेजवर बोलवण्याआधी पोलिस ठाण्यात विचारा.

२३. त्याच दिवशी कॉलनीत मयत झाली तर?

प्रश्न अवघड आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी येतोच. आधी त्या घरी एक वडीलधारं माणूस जाऊ द्या, विचारायला नाही, भेटायला. स्पीकर त्या दिवशी लावू नका. दोन दिवसांची जत्रा असेल तर गाणं दुसऱ्या दिवशी ढकला. एकाच दिवसाची असेल तर स्टॉल चालू ठेवा, कारण बायकांनी माल करून ठेवलेला असतो, आणि गाणं रद्द करा. कलाकारांना ठरलेलं मानधन द्या. ते निघून आलेले असतात, त्यांची दुसरी सुपारी गेलेली असते. एका वर्षी आमच्या भजनी मंडळाने स्वतःहून त्या घरासमोर बसून माईकशिवाय हरिपाठ म्हटला. पण तो त्यांचा निर्णय होता, आम्ही सुचवला नव्हता.

२४. एक गृहस्थ दरवर्षी तक्रार करतात. काय करावं?

त्यांच्या खिडकीत जाऊन उभे राहा, कार्यक्रम चालू असताना. मी गेलो होतो. स्टेजवरून गोड वाटणारा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून त्यांच्या खोलीत दोनदा येत होता. पुढच्या वर्षी आम्ही स्टेज नव्वद अंशांत फिरवलं आणि स्पीकर खाली आणले. तक्रार अजूनही येते, पण आता ती पार्किंगची असते. तारीख, वेळ आणि स्वयंसेवकाचा फोन नंबर लिहिलेला कागद आसपासच्या प्रत्येक दारी आठ दिवस आधी टाका. घरात आजारी माणूस असेल तर ते आधी कळवतात, आणि त्या बाजूचा स्पीकर बंद ठेवता येतो.

२५. पावणेदहा झाले, लोक "वन्स मोअर" ओरडताहेत. आता?

भैरवी सांगून ठेवलेली असली पाहिजे. भैरवी सुरू झाली की कार्यक्रम संपला हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं, निवेदकाला काही बोलावं लागत नाही. ती झाल्यावर कोणी कितीही मागितलं तरी पुन्हा सूर लावायचा नाही. नऊ अठ्ठावन्नला साउंडवाला मेन ओढेल, असं त्याला कलाकारांसमोरच सांगून ठेवा. दिवे मात्र लगेच घालवू नका. सतरंज्या गोळा करायच्या असतात, कोणाची तरी चप्पल सापडत नसते, आणि तबलजीचा हातोडा नेमका स्टेजखाली गेलेला असतो.